चिनी काढा आणि स्तनातील साधी गाठ

स्तनातील साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, गाठींवर आणि दुखण्यावर चिनी वनौषधींचा गुण येतो का, हा वाद चीनमध्ये गेली अनेक वर्षे चालू आहे आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा आयुर्वेदाच्या वादाला टेकू म्हणून उसना घेतला जातो. एक बाजू सांगते, की चीनने आपली परंपरा मोठ्या रुग्णालयांत मानाने बसवली, लाखो स्त्रिया या गोळ्या घेतात आणि त्यांना बरे वाटते, मग आणखी पुरावा कशाला हवा? दुसरी बाजू म्हणते, की हरणाचे शिंग आणि समुद्री शेवाळ कुटून केलेल्या गोळीचा विचार करणे म्हणजेच विज्ञानाशी द्रोह. दोन्ही बाजू तावातावाने औषधावर भांडतात. ज्या त्रासासाठी ते औषध दिले जाते, त्याच्याकडे मात्र कोणीच नीट पाहत नाही. माझे म्हणणे असे, की हा त्रास बहुसंख्य स्त्रियांमध्ये आजारच नसतो, तो आपोआप चढतो आणि उतरतो, आणि म्हणूनच ‘गुण आला’ ही साक्ष इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. निदान पक्के झाल्यावर दुखण्यासाठी एखादा काढा तपासून पाहायला माझा विरोध नाही. निदानाच्या आधी दिलेल्या काढ्याला मात्र ठाम विरोध आहे, मग तो चिनी असो की देशी.

आधी त्रासाचे स्वरूप पाहू. चिनी वैद्यकात स्तनातील अशा गाठीला ‘रूपी’ म्हणतात. आजच्या चिनी रुग्णालयात त्याच तक्रारीवर ‘रूशियान झंगशंग’, म्हणजे स्तनग्रंथींची अतिवाढ, असा शिक्का बसतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन जड होणे, दुखणे, हाताला गाठी-गाठी लागणे आणि पाळी सुरू झाल्यावर ते ओसरणे, हे त्याचे नेहमीचे चित्र. पाश्चात्त्य वैद्यकानेही अनेक दशके यालाच ‘फायब्रोसिस्टिक डिसीज’ असे भारदस्त नाव देऊन कोट्यवधी निरोगी स्त्रियांना रोगी ठरवले होते. १९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सुसान लव्ह आणि सहकाऱ्यांनी थेट विचारले, की हा रोग आहे की रोगच नाही? १९८५ साली त्याच नियतकालिकात ड्युपाँ आणि पेज या संशोधकांनी अमेरिकेतील नॅशव्हिल येथील अभ्यास मांडला. बायोप्सीत गाठ साधी ठरलेल्या ३,३०३ स्त्रियांचा सुमारे सतरा वर्षे मागोवा घेतल्यावर असे दिसले, की सुमारे सत्तर टक्के स्त्रियांच्या गाठीत पेशींची वाढ नव्हती आणि त्यांना कर्करोगाचा जादा धोकाही नव्हता. धोका खऱ्या अर्थाने वाढलेला होता तो पेशींची वाढ विकृत वळणाची असलेल्या थोड्या स्त्रियांना. १९८७ साली ब्रिटनमधील कार्डिफच्या शल्यचिकित्सकांनी या सगळ्या बदलांची नवी मांडणी केली: स्तनाची वाढ, दर महिन्याची उलथापालथ आणि उतारवयातील आक्रसणे या स्वाभाविक प्रवासातली ही थोडीफार वाकडी पावले आहेत, स्वतंत्र रोग नव्हेत. तरुण मुलींमध्ये आढळणारी, बोटाखाली सरकणारी फायब्रोअ‍ॅडेनोमाची गाठसुद्धा याच मांडणीत बसते. तिच्यातल्या अनेक गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात आणि काही कोणत्याही उपचाराविना लहान होतात.

हे एकदा ध्यानात घेतले, की पुराव्याचा प्रश्न पूर्णपणे बदलतो. स्त्री वैद्याकडे कधी जाते? दुखणे असह्य होते तेव्हा, म्हणजे चढाच्या टोकावर. तिथून पुढे उतारच असतो. त्या दिवशी तिला शियाओ याओ सान हा चिनी वनौषधींचा योग दिला, ज्येष्ठमधाची कांडी चघळायला दिली किंवा नुसते गरम पाणी दिले, तरी दोन आठवड्यांनी तिला बरे वाटण्याची शक्यता मोठी असते. गाठीचे मापसुद्धा पाळीच्या कोणत्या दिवशी घेतले यावर बदलते. अशा त्रासात औषध घेतलेल्या शंभर जणींपैकी किती जणींना बरे वाटले, हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. औषध न घेता किती जणींना बरे वाटले असते, हा दुसरा आकडा शेजारी हवा. नेमका तोच या विषयावरील चिनी संशोधनात वारंवार गायब असतो. पुष्कळ चाचण्यांत काढ्याची तुलना दिसायला आणि चवीला तशाच पण औषध नसलेल्या द्रव्याशी होत नाही, तर टॅमॉक्सिफेनसारख्या दुसऱ्या औषधाशी होते, आणि निकाल ‘एकूण परिणामकारकता’ या मापाने दिला जातो. ‘पूर्ण बरी’, ‘खूप सुधारली’ आणि ‘सुधारली’ अशा तिन्ही गटांची बेरीज म्हणजे ही परिणामकारकता. कोणत्या रुग्णेला कोणत्या गटात टाकायचे, हे ठरवणाऱ्या डॉक्टरला तिने काय घेतले ते ठाऊक असेल, तर या बेरजेला किती वजन द्यावे?

हा आक्षेप बाहेरच्यांनी चीनवर लादलेला नाही. २००९ साली ‘ट्रायल्स’ या नियतकालिकात चिनी संशोधकांनीच आपल्या घरातली झाडाझडती छापली. चिनी नियतकालिकांत चिठ्ठी पद्धतीने रुग्णांची वाटणी केल्याचा दावा करणाऱ्या २,२३५ चाचण्यांच्या लेखकांशी ते दूरध्वनीवरून बोलले, तेव्हा खरोखर तशी वाटणी केलेल्या चाचण्या फक्त २०७ निघाल्या. त्यांत पारंपरिक औषधांच्या चाचण्या होत्या तशा आधुनिक औषधांच्याही होत्या, हे इथे आवर्जून सांगायला हवे. म्हणजे दोष परंपरेचा नाही, चाचणी करण्याच्या सवयीचा आहे. पुढे २०१७ साली चिनी वनौषधींच्या योगांच्या चाचण्या कशा नोंदवाव्यात याचे आंतरराष्ट्रीय निकष तयार झाले, त्यांत हाँगकाँगच्या संशोधकांनी पुढाकार घेतला. आपल्याकडे जे लोक चीनचे उदाहरण देतात त्यांनी चीनमधला हा प्रामाणिक आवाजही सोबत आणावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे घेऊ. पहिला, आणि खरोखर वजनदार मुद्दा असा, की चिनी परंपरेने जगाला मोठी औषधे दिली आहेत. १९६७ साली सुरू झालेल्या गुप्त लष्करी प्रकल्पात तू यूयू यांनी चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथातील नोंदीवरून सुगावा घेतला, छिंगहाव वनस्पतीचा अर्क उकळून न काढता कमी तापमानाला ईथरमध्ये काढला, आणि मलेरियावरील आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. हार्बिनमध्ये झांग तिंगदोंग आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात एका लोकवैद्यकातील योगावर काम करत होते. त्यात सोमल होता, पाऱ्याचा क्षार होता, बेडकाचे विष होते. त्यांनी घटक एकेक करून वेगळे केले आणि रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर गुण सोमलाचाच आहे हे दाखवले. आज ते उपचार जगभर दिले जातात. आपल्या मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम पन्नास रुग्णांवर मोजून ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला, आणि त्यानंतरच जगाचे लक्ष या मुळीकडे वळले.

या तिन्ही कथा मला मनापासून प्रिय आहेत, पण त्या नेमके काय सिद्ध करतात? तिन्ही ठिकाणी परंपरेने दिशा दाखवली आणि निकाल मोजमापाने दिला. तू यूयू यांच्या गटाने शेकडो वनस्पती तपासल्या, त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी ठरल्या. ग्रंथात आहे म्हणून त्यांनी कोणतीही ठेवली नाही. झांग यांनी पाऱ्याचा क्षार परंपरेचा आहे म्हणून जपून ठेवला नाही. आणखी एक फरक याहून मोलाचा आहे. मलेरियाचे परोपजीवी रक्तात मोजता येतात, रक्तदाबाचा पारा डोळ्यांनी दिसतो, त्या कर्करोगात औषधाविना रुग्ण दगावतो. तिथे गुण आला की नाही हे लपत नाही. पाळीबरोबर येणाऱ्या आणि जाणाऱ्या दुखण्यात मात्र ते सहज लपते. म्हणून एका क्षेत्रातली कीर्ती दुसऱ्या क्षेत्रात तारण ठेवता येत नाही.

दुसरा मुद्दा असा, की आधुनिक वैद्यकाचे या बाबतीतले हात स्वच्छ नाहीत. हे मला पूर्ण मान्य आहे. ‘फायब्रोसिस्टिक डिसीज’च्या धास्तीने गेल्या शतकात कित्येक स्त्रियांचे निरोगी स्तन आतून पोखरून काढले गेले. १९७९ साली चहा-कॉफी सोडल्याने गाठी जातात असा दावा झाला. पुढच्या नियंत्रित चाचण्यांत तो टिकला नाही, तरी तो सल्ला आजही दिला जातो. डॅनॅझॉल या संप्रेरकांवर काम करणाऱ्या औषधाने दुखणे कमी होते खरे, पण वजन वाढते आणि काही स्त्रियांचा आवाज कायमचा घोगरा होतो. टॅमॉक्सिफेनचेही स्वतःचे धोके आहेत. साध्या दुखण्यासाठी इतकी किंमत मोजायची नसेल, तर स्त्रीने सौम्य काढ्याकडे वळणे अगदी समजण्याजोगे आहे. पण याच इतिहासातला इव्हनिंग प्रिमरोज तेलाचा प्रसंग पाहा. हे तेलही वनस्पतीचेच, ब्रिटनमध्ये स्तनदुखीसाठी परवाना मिळालेले, डॉक्टर आणि रुग्ण दोघांचेही लाडके. नियंत्रित चाचणीत ते साध्या तेलाहून सरस ठरले नाही, आणि २००२ साली पुरावा अपुरा म्हणून त्याचा परवाना काढून घेतला गेला. त्या तेलाने बरे वाटल्याचे सांगणाऱ्या हजारो स्त्रिया खोटे बोलत होत्या का? मुळीच नाही. त्यांना बरे वाटलेच होते, फक्त ते तेलामुळे नव्हते. चीनमध्ये अशा गाठींवर दिल्या जाणाऱ्या रूपीशियाओच्या गोळीला हाच नियम का लागू नसावा? तिच्यात हरणाचे शिंग, दोन जातींचे समुद्री शेवाळ, आपल्या करडईची फुले आणि अशी डझनभराहून अधिक द्रव्ये असतात. शेवाळातल्या आयोडीनबद्दल तर पाश्चात्त्य संशोधकांनीही काही आशादायक चाचण्या केल्या आहेत. म्हणजे तपासण्याजोगे इथे काहीतरी आहे. पण ज्या आयोडीनमुळे आशा वाटते, तेच जास्त झाले तर थायरॉइड बिघडवते, ही बाजू गोळीच्या वेष्टनावरच्या फुलापानांत दिसत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत हृद्य वाटतो: चिनी वैद्य ऐकून घेतो. नाडी पाहतो, जीभ पाहतो, झोप, भूक आणि घरातले ताण यांबद्दल विचारतो. चौदाव्या शतकातील चिनी वैद्य झू दानशी यांनी आपल्या १३४७ सालच्या ग्रंथात लिहिले आहे, की चिंता, राग आणि कोंडलेले मन दिवसरात्र साचत गेले, की स्तनात लपलेली गाठ होते, सोंगटीएवढी, न दुखणारी, न खाजणारी, आणि कित्येक वर्षांनी ती फुटून व्रण होतो. सासरी कुचंबणाऱ्या बाईच्या मनाची दखल त्या काळी एका वैद्याने घेतली, हे थोडे नाही. शियाओ याओ सान या चीनमधील सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेल्या योगाच्या नावातच मोकळेपणाने विहरण्याचा अर्थ आहे. यकृतात अडकलेली ‘छी’, म्हणजे प्राणशक्ती, सुटावी, मन मोकळे व्हावे, हा त्यामागचा विचार.

पण या सहानुभूतीची दुसरी कड धारदार आहे. गाठ रागाने होते असे म्हटले, की गाठीची जबाबदारी हळूच बाईच्या स्वभावावर येऊन पडते. हे केवळ चीनमध्ये घडले असे नव्हे. १८२९ साली लंडनचे शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर यांनी दुखऱ्या स्तनाचा संबंध स्त्रीच्या हळव्या, चिडक्या प्रकृतीशी जोडला आणि पुढे दीडशे वर्षे पाश्चात्त्य डॉक्टर ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगून अशा स्त्रियांना परत पाठवत राहिले. १९७८ साली कार्डिफच्या गटाने ही समजूत तपासली: स्तनदुखीच्या रुग्णांची तुलना पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी आलेल्या रुग्णांशी केली आणि मानसिक विकृतीच्या बाबतीत त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. शतकांची समजूत तुलनेच्या एका साध्या युक्तीने ढासळली. ऐकून घेणे हे औषधाचे काम नसून माणसाचे आहे. नीट तपासून, ही गाठ कर्करोगाची नाही, हे दुखणे धोक्याचे नाही, असे शांतपणे समजावून सांगितल्यावर बहुसंख्य स्त्रियांना आणखी कोणत्याही औषधाची गरज उरत नाही, हे स्तनरोगांच्या दवाखान्यांनी वारंवार पाहिले आहे. ते समजावून सांगायला लागणारी पंधरा मिनिटे आपल्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात मिळत नाहीत, ही खरी तक्रार आहे, आणि काढ्याची लोकप्रियता त्या रिकाम्या जागेत वाढते.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना’ हे वाक्य मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. चिनी वैद्यकात गलगंडावर आणि गाठींवर ‘हुआंग याओ झी’ नावाचा कंद वापरला जातो. तो आपल्या कोकणातल्या करांद्याच्याच जातीचा. कोकणात लागवडीचा करांदा उकडून खातात, आणि कडू रानटी करांद्यापासून जपून राहायला हवे हे जाणते लोक सांगतात; त्या कंदामुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी चिनी वैद्यकीय वाङ्मयात भरपूर आहेत. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी नामसाधर्म्यामुळे अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळी गेली. शंभराहून अधिक जणांची, मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे अनेकांना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. आपली ईश्वरी याच कुळातली. त्या वनस्पती शतकानुशतके वापरात होत्या, तरीही हा दोष परंपरेच्या ध्यानात आला नव्हता, कारण औषध आणि मूत्रपिंड निकामी होणे यांच्यात वर्षे जातात आणि एकटा वैद्य एवढ्या लांबचा धागा पाहू शकत नाही. ज्या त्रासाने जीव जात नाही, त्यासाठी महिनोन्महिने घ्यायच्या औषधाची सुरक्षितता इतर औषधांहून अधिक कडकपणे पाहायला हवी की सैलपणे?

तरीही यकृत किंवा मूत्रपिंड हा मुख्य धोका नव्हे. मुख्य धोका वेळ जाण्याचा आहे. झू दानशी यांचीच ओळ पुन्हा वाचा: न दुखणारी, न खाजणारी गाठ. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा असाच असतो, आणि दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहतो. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे लवकर गाठतो आणि पुष्कळ स्त्रिया तो पसरल्यावर रुग्णालयात येतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये तशी घट दिसली नाही, हेही त्या अभ्यासाने लपवले नाही. कोणतेही महाग यंत्र नव्हते. होते ते शिकवलेले हात आणि पुढच्या तपासणीची खात्रीची वाट. गाठ हाताला लागल्यावर डॉक्टरची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी, हे तीन टप्पे होण्याआधी ‘तीन महिने काढा घेऊन पाहा’ असे सांगणारा माणूस कोणत्या पॅथीचा आहे, याला काय अर्थ उरतो? हेच तीन महिने आयुर्वेदातल्या कांचनार गुग्गुळाने गेले काय आणि रूपीशियाओने गेले काय.

वाद इतका भरकटतो, कारण तो फार पूर्वीच स्त्रीच्या हातून निसटून राष्ट्राच्या हाती गेला. १९२९ साली जपानमध्ये शिकून आलेल्या यू यूनशिऊ यांनी चिनी वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा १७ मार्च रोजी शांघायमध्ये देशभरातील वैद्य जमले आणि परंपरेचे रक्षण म्हणजे देशाचे रक्षण अशी घोषणा झाली. पुढे साम्यवादी राजवटीने त्याच वैद्यकाला राष्ट्रीय वारसा म्हणून उचलून धरले. २०१७ साली लागू झालेल्या कायद्याने तर प्राचीन नामांकित योगांना माणसांवरील चाचणीविना मान्यतेची वाट मोकळी केली. आपल्याकडेही हाच प्रवास वेगळ्या वळणाने झाला. परंपरेच्या बाजूने किंवा विरोधात उभे राहणे ही देशभक्तीची परीक्षा झाली, की गाठ कोणत्या प्रकारची आहे हे विचारणारा माणूसच संशयित ठरतो.

म्हणून मला एक साधा प्रयोग सुचवायचा आहे. निदान पूर्ण झालेल्या, गाठ साधी ठरलेल्या आणि तरीही पाळीपूर्व दुखण्याने खरोखर हैराण असलेल्या स्त्रिया घ्याव्यात. निम्म्यांना शियाओ याओ सान आणि निम्म्यांना चवीला व रंगाला तसाच पण निष्क्रिय काढा द्यावा, वाटणी चिठ्ठीने व्हावी, आणि कोणाला काय मिळाले हे स्त्रीला किंवा डॉक्टरला ठाऊक नसावे. प्रत्येकीने रोजच्या दुखण्याची नोंद वहीत करावी. औषध सुरू करण्याआधीच्या दोन पाळ्यांची नोंद आधी घ्यावी आणि नंतर किमान सहा पाळ्या पाहाव्यात. यकृताची आणि थायरॉइडची तपासणी सुरुवातीला आणि शेवटी करावी. काय मोजणार आणि कसे मोजणार, हे पहिली रुग्णा येण्याआधी जाहीर नोंदवावे, आणि निकाल नकारात्मक आला तरी तो छापावा. असा प्रयोग शांघायमध्ये होऊ शकतो, आणि शियाओ याओ सानच्या जागी कांचनार गुग्गुळ ठेवून नाशिकला किंवा पुण्यातही होऊ शकतो. त्याला लागणारा खर्च एखाद्या नव्या आयुष संकुलाच्या इमारतीपेक्षा पुष्कळ कमी येईल.